स्वस्त किराणा, महाग शेअर

रमजानचा चाँद दिसायला आठवडा उरला की घराघरांत सामानाची यादी तयार होते. बेसन, साखर, तेल, मैदा, सेवया, खजूर, सरबताच्या बाटल्या. काही वर्षांपूर्वी ही यादी सरळ नाक्यावरच्या किराणा दुकानात जायची आणि संध्याकाळपर्यंत दुकानातला पोरगा पिशव्या घरी आणून टाकायचा. आता एका यादीच्या तीन याद्या होतात. तेल, साखर आणि कपड्यांचा साबण मोठ्या सुपरमार्केटमधून, कारण तिथे छापील किमतीपेक्षा कमी भाव लागतो. इफ्तारला ऐनवेळी संपलेले दही मोबाइलवरून, कारण ते दहा-पंधरा मिनिटांत दारात येते. आणि उधारीवर जे घ्यायचे ते अजूनही नाक्यावरच्या दुकानातून.

गिऱ्हाईक म्हणून यात आपला फायदाच आहे. चार दुकाने एका गिऱ्हाइकासाठी भांडू लागली की भाव उतरतो. पण याच घरांत गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे डिमॅट खाते. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२५ पर्यंत ती १९ कोटींच्या वर गेली. नोकरीला लागलेला मुलगा, निवृत्तीची रक्कम हाती आलेले अब्बा, शिवणकामातून चार पैसे बाजूला टाकणारी बहीण, सगळेच आता शेअरची भाषा बोलू लागले आहेत. आणि ज्या दुकानात आपण दर महिन्याला रांगेत उभे राहतो, त्याचाच शेअर घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणजे कंपनी जोरात. कंपनी जोरात, म्हणजे शेअर वर जाणार, असा हा हिशेब.

किराण्याच्या धंद्यात हा हिशेब अनेकदा फसतो. पिशवीमागे आपले जे वीस-पंचवीस रुपये वाचतात ते कुणीतरी सोडलेले असतात. कधी कारखानदार सोडतो, कधी वितरक; पण दुकानांची आपसात चुरस लागली की ते बहुतेक करून दुकानाच्या मालकाच्या, म्हणजेच भागधारकाच्या खिशातून जातात. घरातल्या एकाने स्वस्त सामान आणून आनंद मानायचा आणि दुसऱ्याने त्याच दुकानाच्या शेअरमध्ये बचत घालायची, तर दोघांचे हित नेहमी एका दिशेने जात नाही हे आधी समजून घेतलेले बरे.

शंभरातले पाच रुपये

सोन्याचांदीच्या किंवा औषधाच्या कंपनीशी किराणा कंपनीची तुलना करू नये. इथे विक्री प्रचंड आणि नफा पातळ असतो. डी-मार्ट चालवणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीचे आकडे पाहू. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात तिची उलाढाल सुमारे ५०,८०० कोटी रुपये होती आणि कर भरून उरलेला नफा सुमारे २,५३६ कोटी. म्हणजे गिऱ्हाइकाने शंभर रुपयांचा माल नेला तर कंपनीच्या हाती पाच रुपये उरले. आणि ही कंपनी या धंद्यातली सर्वांत काटकसरी म्हणून ओळखली जाते.

आता या पाच रुपयांकडे जरा जवळून पाहा. शंभर रुपयांना विकलेला माल दुकानाला साधारण पंच्याऐंशी रुपयांना पडतो. मधल्या पंधरा रुपयांत पगार, वीज, गोदाम, वाहतूक, जागेचा खर्च, सगळे भागवायचे. कर भरण्याआधी साडेसहा-सात रुपये राहतात. समजा, शेजारी दुसरे मोठे दुकान उघडले म्हणून भाव सरसकट फक्त एक टक्का उतरवला आणि विक्रीचा माल तेवढाच राहिला, तर त्या साडेसहाचे साडेपाच होतात. गिऱ्हाइकाच्या लेखी शंभराला एक रुपया सूट, ती त्याच्या लक्षातही येत नाही. पण कंपनीचा नफा मात्र पंधरा टक्क्यांनी घटतो. दोन टक्के भाव उतरवला तर तीस टक्क्यांनी.

किराण्याच्या शेअरचे सगळे मर्म या साध्या गणितात आहे. म्हणूनच भावयुद्धाची नुसती बातमी आली तरी हे शेअर गडगडतात.

पवईतले दुकान आणि त्याचा शेअर

मुंबईकरांना मोठ्या दुकानातून स्वस्त धान्य घेण्याची सवय खासगी कंपन्यांच्या कितीतरी आधी लागली. १९४८ साली नायगावात उभ्या राहिलेल्या अपना बाजार या सहकारी संस्थेने गिरणगावातल्या कुटुंबांना ती लावली. शेअर बाजारात मुरलेले राधाकिशन दमानी यांनी २००२ साली पवईत पहिले डी-मार्ट सुरू केले तेव्हा स्वस्त भावाची ओढ मुंबईत जुनीच होती. त्यांनी तिला शिस्त लावली.

ही शिस्त तीन गोष्टींची होती. पहिली, शक्यतो जागा भाड्याने न घेता विकत घ्यायची किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर घ्यायची. म्हणजे दर काही वर्षांनी वाढणाऱ्या भाड्याचा ताण राहत नाही. दुसरी, माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे. म्हणजे तो आपण होऊन भाव कमी करून देतो. तिसरी, दिखाऊपणा टाळायचा. झगमगाट नाही, जाहिरातींचा भडिमार नाही आणि ‘आज सूट, उद्या नाही’ असला प्रकार नाही. रोजच कमी भाव. दुकाने सावकाश वाढवायची. पहिल्या दुकानाला तेवीस वर्षे होत आली तेव्हा, म्हणजे मार्च २०२५ अखेर, दुकानांची संख्या ४१५ होती.

मार्च २०१७ मध्ये कंपनीने लोकांना शेअर देऊ केले. भाव २९९ रुपये. उभे करायचे होते १,८७० कोटी, आणि मागणी आली शंभरपटीहून जास्त. २१ मार्चला शेअर बाजारात उतरला तो ६०४ रुपयांना, म्हणजे पहिल्याच दिवशी दुप्पट. त्यानंतरची साडेचार वर्षे तो चढतच गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ५,९०० रुपयांच्या जवळ पोहोचला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या दावतीत, मोबाइलवरच्या गटांत हीच सांगितली जाते. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते.

मोठ्या बाजाराचा अस्त

त्याआधी दुसऱ्या एका दुकानाकडे पाहू, कारण स्पर्धा फक्त नफा कमी करते असे नाही. ती कधीकधी दुकानच गिळते.

किशोर बियाणी यांच्या फ्यूचर समूहाने २००१ साली कोलकात्यात पहिले बिग बझार काढले. भारतीय गिऱ्हाइकाला गर्दी आवडते, धान्यात हात घालून बघायला आवडते, हे त्यांनी ओळखले होते. २६ जानेवारीच्या आसपास लागणाऱ्या त्यांच्या ‘सबसे सस्ता दिन’ला उसळणारी गर्दी अनेकांना आठवत असेल. २०१८ मध्ये फ्यूचर रिटेलचा शेअर पाचशे रुपयांच्या वर होता.

पण दुकाने भाड्याच्या जागेत होती, वाढ कर्जावर झाली होती आणि प्रवर्तकांनी आपले शेअर तारण ठेवून पैसा उचलला होता. एकीकडे डी-मार्ट, दुसरीकडे रिलायन्स, तिसरीकडे मोबाइलवरून माल विकणारे, अशा चहूबाजूंच्या स्पर्धेत नफा आणखी पातळ झाला. २०२०च्या सुरुवातीला शेअर घसरला तेव्हा तारण घेणाऱ्यांनी ते शेअर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पाठोपाठ टाळेबंदी आली. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने हा व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. समूहातल्या एका कंपनीत आधी पैसे घातलेल्या अ‍ॅमेझॉनने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण लवाद व न्यायालयांत अडकले. दरम्यान भाडे थकलेल्या अनेक दुकानांच्या जागा रिलायन्सच्या ताब्यात गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी तो सौदा नाकारला आणि त्याच वर्षी जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वर्ष संपताना शेअर चार-पाच रुपयांच्या घरात होता.

ज्या इमारतीवर बिग बझारची पाटी होती तिथे अनेक शहरांत आज स्मार्ट बझारची पाटी आहे. गिऱ्हाइकाला फारसा फरक पडला नाही. तेच फाटक, तोच सरकता जिना, तसेच भाव. ज्याने पाचशे रुपयांना शेअर घेतला होता त्याच्या बचतीची मात्र माती झाली.

असा हा पहिलाच प्रसंग नव्हता. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेल्या सुभिक्षा या स्वस्त दुकानांच्या साखळीने थोड्याच वर्षांत देशभर सुमारे सोळाशे दुकाने उघडली आणि २००९च्या सुरुवातीला रोकड संपल्यामुळे ती धडाधड बंद पडली. कामगारांचे पगारही थकले. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाइके होती, गर्दी होती. नव्हता तो पातळ नफ्याला झेपेल इतका कमी कर्जाचा बोजा.

दहा मिनिटांत घरपोच

डी-मार्टची शिस्त या कसोटीला उतरली. मग त्याच्या शेअरला काय झाले? तर असा प्रतिस्पर्धी आला, ज्याला नफ्याची घाई नव्हती.

ऑगस्ट २०२२ मध्ये झोमॅटोने ब्लिंकिट ही कंपनी घेतली. जूनमध्ये सौदा जाहीर झाला तेव्हा गुंतवणूकदार नाराज झाले. जेवण पोहोचवणाऱ्याने तोट्यातले किराणा दुकान कशाला घ्यावे, असा त्यांचा सवाल होता. वर्षभरापूर्वी ७६ रुपयांना लोकांना दिलेला झोमॅटोचा शेअर जुलै २०२२ मध्ये ४०च्या आसपास आला. पुढे मात्र चित्र पालटले. वस्त्यांच्या मधोमध छोटी गोदामे थाटून मिनिटांत माल पोहोचवण्याची सवय शहरांना लागली. स्विगीचे इन्स्टामार्ट आणि २०२१ मध्ये मुंबईत दोन तरुणांनी काढलेले झेप्टो याच मैदानात होते. डिसेंबर २०२४ मध्ये झोमॅटोचा शेअर ३०० रुपयांच्या घरात पोहोचला.

या नव्या दुकानांचा पहिला फटका डी-मार्टच्या मोठ्या शहरांतल्या जुन्या दुकानांना बसला. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीने तिमाहीचे आकडे जाहीर केले. दोन वर्षांहून जुन्या दुकानांची विक्री जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढली होती आणि महानगरांतल्या जास्त विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे, असे कंपनीने स्वतःच सांगितले. सोमवारी बाजार उघडला आणि एका दिवसात शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडून ४,२०० रुपयांच्या आसपास आला.

तिमाहीत तोटा झालेला नव्हता. दुकाने बंद पडली नव्हती. उलट विक्रीही वाढलीच होती. फक्त अपेक्षेइतकी वाढली नव्हती.

पुढच्या मार्चअखेर संपलेल्या वर्षात उलाढाल सुमारे सतरा टक्क्यांनी वाढून ५९,३०० कोटींच्या पुढे गेली. नफा मात्र जेमतेम सात टक्क्यांनी वाढून २,७०० कोटींच्या घरात राहिला. शेवटच्या तिमाहीत तर विक्री सतरा टक्के वाढली असतानाही नफा आदल्या वर्षापेक्षा किंचित घटला. कंपनीने दिलेली कारणे दोन: रोजच्या वापराच्या पाकीटबंद मालात वाढलेली चुरस आणि खालच्या पदांवरच्या कामगारांचे वाढलेले पगार. माल वाहून नेणाऱ्या, मांडणाऱ्या, घरपोच देणाऱ्या हातांसाठीही या कंपन्या आपसात झगडत आहेत, हे त्यातून कळते. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले हे काम करतात. त्यांच्या दृष्टीने ही चुरस वाईट नाही.

मग जिंकणाऱ्यांची चांदी झाली असेल? तसेही नाही. मार्च २०२५ ला संपलेल्या तिमाहीत, तोपर्यंत इटर्नल असे नाव घेतलेल्या झोमॅटोचा नफा अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी घसरून ३९ कोटींवर आला, कारण ब्लिंकिटची गोदामे वाढवण्यावर पैसा ओतला जात होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये ३९० रुपयांना शेअर विकलेल्या स्विगीला त्या वर्षी ३,१०० कोटींहून अधिक तोटा झाला आणि पुढच्या मे महिन्यात तिचा शेअर विक्रीच्या भावाच्या बराच खाली होता. म्हणजे दह्याची पिशवी दहा मिनिटांत दारात येते तेव्हा तिच्या खर्चातला काही भाग कुणीतरी गुंतवणूकदार भरत असतो.

विलायतेतला जुना अनुभव

हे फक्त आपल्याकडे घडते असे समजू नये. पुण्या-मुंबईत टाटांच्या स्टार बझारमध्ये भागीदार असलेल्या टेस्कोची गोष्ट बोलकी आहे. एकेकाळी ब्रिटनमधल्या किराण्यातला जवळपास तिसरा हिस्सा या एका कंपनीकडे होता. तिला कोण हलवणार असे वाटे. पण १९९० मध्ये आल्डी आणि १९९४ मध्ये लिडल ही जर्मन दुकाने तिथे आली. लहान जागा, मोजका माल, साधी खोकी, भाव मात्र कमी. पंधरा-वीस वर्षे कुणी त्यांना मोजले नाही. २००८ च्या मंदीनंतर लोकांचे हात आखडले तेव्हा मध्यमवर्गही तिकडे वळला.

२०१४ मध्ये टेस्कोने नफा फुगवून दाखवल्याचे उघड झाले आणि एप्रिल २०१५ मध्ये तिने ६४० कोटी पौंडांचा तोटा जाहीर केला. जगातले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनाही टेस्कोच्या शेअरमध्ये कर वजा जाता ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमवावी लागली. कंपनी पुढे सावरली. पण मार्च २०२५ मध्ये अस्डा या प्रतिस्पर्ध्याने ‘आम्ही नफा सोडून भाव उतरवणार’ असे सांगताच टेस्को आणि सेन्सबरी या दोघांचे शेअर घसरले. अजून एकाही डब्याचा भाव उतरला नव्हता. महिन्याभराने टेस्कोनेही कबूल केले की स्पर्धेमुळे येत्या वर्षी नफा आदल्या वर्षापेक्षा कमी राहू शकतो.

कंपनी चांगली, पण भाव?

आता पुन्हा डी-मार्टकडे येऊ. या कंपनीने काय चूक केली? खरे म्हणजे मोठी अशी एकही नाही. मार्च २०२२ ते मार्च २०२५ या तीन वर्षांत तिची उलाढाल जवळपास दुप्पट झाली. नफा सुमारे ऐंशी टक्क्यांनी वाढला. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये ५,९०० रुपयांच्या भावाने एक लाख रुपये घालणाऱ्याच्या हाती तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ च्या त्या घसरणीनंतर, सत्तर-एकाहत्तर हजार रुपये उरले होते. कंपनीने या काळात लाभांशही दिला नाही.

उत्तर भावात आहे. मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा नफा एका शेअरमागे सुमारे २३ रुपये होता. २३ रुपये कमावणाऱ्या शेअरला लोक ५,९०० रुपये मोजत होते, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या अडीचशे पटीहून जास्त. साध्या भाषेत सांगायचे तर वर्षाला २३ हजार रुपये उत्पन्न देणारा दुकानाचा गाळा ५९ लाखांना घेण्यासारखे हे होते. गाळा उत्तम असेल, भाडेकरू सज्जन असेल. तरी एवढा भाव कुणी देईल का? गाळ्याच्या बाबतीत आपण चार जणांना विचारतो, वकिलाला दाखवतो. शेअरच्या बाबतीत मोबाइलवरच्या एका संदेशावर पैसे लावतो.

एवढा भाव लोक देतात तो पुढच्या वीस-तीस वर्षांच्या वाढीचा हिशेब आधीच धरून. त्या वाढीच्या वाटेत नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला की भविष्याचा तो हिशेब कोसळतो, मग दुकानात गर्दी कितीही असो. उलट ज्यांना २०१७ मध्ये २९९ रुपयांना शेअर मिळाले त्यांची रक्कम घसरणीनंतरही सुमारे चौदापट होती. कंपनी तीच, दुकाने तीच. फरक फक्त किती भावाने घेतले याचा.

घरबसल्या तपासता येणाऱ्या चार गोष्टी

किराण्याच्या कंपनीत पैसे घालायचे असतील तर फार मोठे शास्त्र लागत नाही. दर तीन महिन्यांनी कंपनी जाहीर करते त्या कागदांत चार गोष्टी पाहाव्यात.

एक, जुन्या दुकानांची विक्री. नवी दुकाने उघडून एकूण विक्री वाढवता येते. पण दोन वर्षांहून जुन्या दुकानांची विक्री किती वाढली, हा खरा आकडा. तो महागाईच्या दरापेक्षाही कमी असेल तर प्रत्यक्षात कमी माल विकला जातो आहे असे समजावे.

दोन, विक्री आणि नफा यांची चाल. विक्री सतराने वाढते आणि नफा सातने, याचा अर्थ भाव उतरवून किंवा खर्च वाढवून विक्री टिकवली जात आहे.

तीन, कर्ज आणि तारण. कंपनीवर कर्ज किती, आणि प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण ठेवले आहेत, हे दोन्ही आकडे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळतात. फ्यूचर रिटेलच्या बाबतीत धोक्याची घंटा इथेच वाजत होती.

चार, शेअरचा भाव नफ्याच्या किती पट. ही पट जितकी मोठी, तितकी वाईट बातमी सोसण्याची शेअरची ताकद कमी.

शिवाय प्रतिस्पर्धी कोण, हेही पाहावे. रिलायन्स रिटेल स्वतंत्रपणे बाजारात नोंदलेली नाही. तिच्यामागे तेल आणि टेलिफोनमधून कमावणारा मोठा समूह आहे. झेप्टोसारख्यांमागे परदेशी भांडवल आहे. असे प्रतिस्पर्धी अनेक वर्षे तोटा सोसू शकतात. ज्याला फक्त किराण्यातून कमवायचे आहे त्याच्यासाठी ही लढाई बरोबरीची नसते.

जायज-नाजायजचा प्रश्न

आपल्या घरांत यापुढे आणखी एक प्रश्न येतो: असा शेअर घेणे जायज आहे का? किराणा विकणे ही तिजारत आहे आणि नफा-तोट्यात भागीदार होणे हा भागीदारीचाच प्रकार, म्हणून अनेक अभ्यासक शेअरला मुळात मनाई मानत नाहीत. ते कंपनीचा मुख्य धंदा, तिच्यावरचे व्याजी कर्ज आणि व्याजातून येणारे उत्पन्न यांची मर्यादा तपासतात. निफ्टी ५० शरियासारखे निर्देशांक आणि १९९६ पासून चालू असलेला टाटा एथिकल फंड अशाच चाळणीवर चालतात. सुपरमार्केटच्या बाबतीत फडताळावर काय काय विकले जाते हाही मुद्दा येतो आणि त्यावर मतांतरे आहेत. आपल्या विश्वासातल्या आलिमला कंपनीचे नाव आणि कर्जाचा आकडा देऊन विचारावे.

एक मात्र लक्षात घ्यावे. या चाळणीतून कंपनी पास झाली म्हणजे शेअर फायद्याचा ठरेलच असे नाही. ती चाळणी धंदा कसा आहे ते सांगते. भाव रास्त आहे की नाही ते सांगत नाही. सकाळी घेऊन दुपारी विकणे आणि हाती नसलेल्या पैशांवर सौदे करणे याला तर गुंतवणूक म्हणताच येत नाही. त्यात घरातल्या मुलांचे किती पैसे जातात हे पालकांनी एकदा बसून विचारावे.

नाक्यावरचे दुकान

या सगळ्या झुंजीत ज्याचा शेअर कुठल्याच बाजारात नोंदलेला नाही तो नाक्यावरचा दुकानदार. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांचे पोट किराणा, बेकरी, अंडी, मसाले, फळे अशा छोट्या दुकानांवर चालते. देशातला बहुतांश किराणा आजही अशाच दुकानांतून विकला जातो. तरीही गेल्या वर्षभरात सुमारे दोन लाख दुकाने बंद पडल्याचा दावा पाकीटबंद मालाच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये केला आणि झटपट घरपोच सेवेच्या भावांबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रारही नेली.

अशा दुकानदाराने भावात मोठ्यांशी झुंजू नये. साडेसहा टक्क्यांचे गणित त्याला आणखी लवकर बुडवेल. त्याच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: ओळख, उधारीची वही, सुटा माल, मोहल्ल्याला हवा तो खास तांदूळ आणि मसाला. डी-मार्टची दोन सूत्रे मात्र त्यालाही उपयोगी पडतात. माल देणाऱ्याचे पैसे वेळेवर द्यावेत आणि कर्ज काढून दुकान वाढवू नये. घरात असे दुकान असेल तर मुलाने बाहेरच्या सुपरमार्केटच्या शेअरमध्ये एक लाख घालण्याआधी तेच एक लाख स्वतःच्या दुकानाच्या फ्रीजरमध्ये, वजनकाट्यात आणि मालात घातले तर काय मिळेल, हा हिशेब कागदावर मांडावा.

स्वस्त मिळते तिथून खुशाल सामान आणा. निवृत्तीची रक्कम किंवा मुलीच्या शिक्षणाचा पैसा त्याच दुकानाच्या शेअरमध्ये घालायचा विचार असेल, तर आधी वर सांगितलेले चार आकडे शोधा, ते घरातल्यांसमोर मोठ्याने वाचा आणि एक प्रश्न विचारा: समोरचे दुकान उद्या आणखी दोन टक्के भाव उतरवणार असेल, तर आजचा हा भाव आपण देऊ का?